भिंतीवरचे व्याख्यान हातातल्या पडद्यावर : एक परीक्षण

गेल्या हनुक्कात आमच्या गावच्या मोआदोनमध्ये आपल्या समाजाच्या इतिहासावर एक सचित्र व्याख्यान झाले. व्याख्याते आपल्यापैकीच एक. नोकरी सांभाळून गेली कित्येक वर्षे ते जुने फोटो, लग्नपत्रिका, केतुबा आणि शाळेचे दाखले जमवीत आले आहेत. भिंतीवर पांढरा पडदा, टेबलावर प्रोजेक्टर, समोर ऐंशीएक माणसे, मागच्या टेबलावर चहा आणि एकाच ताटलीत सुफगानियोत व चिवडा, असा तो थाट होता. रात्रीचे अकरा वाजले तरी कोणी उठेना. घरी जाताना सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते की, हे आपल्या मुलांनी ऐकायला हवे होते.

पेसाह उलटला आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर तेच व्याख्यान व्हिडिओ होऊन आले. व्याख्यात्यांनी आपल्या स्लाइड्स, म्हणजे ज्याला आपली मुले 'मत्सेगेत' म्हणतात ती, संगणकावर उघडली, घरी बसून एकेका स्लाइडवर आपला आवाज भरला आणि सगळे मिळून एक तास सतरा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला. तीन दिवसांच्या आत ठाण्याहून आमच्या चुलत बहिणीचा आणि लंडनहून भाच्याचा निरोप आला, "पाहिलेत का?"

आम्ही पाहिले. एकदा नव्हे, तीनदा पाहिले, आणि तिसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाळीसएक वर्षे वॉर्डात काढल्यामुळे नोंद केल्याशिवाय मत देण्याची आम्हांला सवय नाही. आमचे मत थोडक्यात असे की, हे काम व्हायलाच हवे होते. ते अर्धे झाले आहे. उरलेले अर्धे करण्यापूर्वीच ते गावोगाव आणि देशोदेशी पोहोचले आहे, ही काळजीची गोष्ट आहे. व्याख्यात्यांचे नाव आम्ही येथे मुद्दामच देत नाही. एक तर ओळखणारे ओळखतीलच. दुसरे असे की, आज अश्दोदपासून दिमोनापर्यंत आपल्यातील अनेकजण आपापल्या स्लाइड्सचे व्हिडिओ करू लागले आहेत, आणि खाली लिहिलेले दोष थोड्याफार फरकाने सर्वांना लागू आहेत.

प्रथम चांगले ते सांगू. हाइम सामुएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून काढला. तो छापून निघाला तेल अवीवमध्ये, १९३७ साली. चाळीस वर्षे ते हस्तलिखित पडून होते, आणि पुस्तक झाले तेव्हा ते पाहायला लेखक उरले नव्हते. त्या मानाने आज एका संध्याकाळी केलेले काम दुसऱ्या दिवशी सकाळी टोरंटोत पाहिले जाते. याला छापखाना नको, वर्गणी नको, टपाल नको. ज्या आजीबाई जिना उतरून मोआदोनपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांनाही आपल्या खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकता येते. ही सोय लहान नाही, आणि ती वापरणाऱ्याचे कौतुकच करावयास हवे.

या व्हिडिओतील एक भाग तर आम्हांला फारच आवडला. तो 'शनिवार तेली' या नावाचा. पडद्यावर लाकडी घाण्याचे एकच मोठे चित्र आहे. त्यावर एक अक्षरही नाही. व्याख्याते शांतपणे सांगत जातात की, बैलाला झापड का बांधतात, तेल कोठून गळते, पेंड कोणाला जाते, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा कसा थांबतो. आजूबाजूचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, आपले पूर्वज शनिवारी. हिब्रू प्रार्थना विसरलेल्या लोकांना शेजाऱ्यांनी ओळखले ते या एका सुट्टीवरून. हा भाग सहा मिनिटांचा आहे. आमचा अकरा वर्षांचा नातू जेवता जेवता थांबला आणि त्याने विचारले, "बैल शाब्बाथला काय करीत असे?" सबंध व्हिडिओत त्याने विचारलेला हा एकच प्रश्न. बाकीच्या एक तास अकरा मिनिटांत तो दोनदा उठून गेला आणि तिसऱ्यांदा परत आलाच नाही.

असे का झाले, याचा विचार केला म्हणजे सगळ्या परीक्षणाचे सूत्र हाती लागते.

आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली लहानशी फिल्म असे. कोडॅक कंपनीचे १९६१ साली निघालेले ते गोल चक्राचे यंत्र पुष्कळांना आठवत असेल. चक्रात ऐंशी स्लाइड्स बसत आणि एखादी उलटी बसली की वर्गात हशा पिके. स्लाइड करून घ्यायला पैसे पडत, त्यामुळे शिकवणारे निवडून निवडून चित्रे आणीत. चित्र दाखवायचे आणि बाकीचे तोंडाने सांगायचे, अशी सरळ वाटणी होती. पुढे १९८७ साली पॉवरपॉइंट निघाले आणि स्लाइड फुकट झाली. वस्तू फुकट झाली की माणूस ती वारेमाप वापरतो. चित्राच्या जागी अक्षरे आली, अक्षरांच्या ओळी वाढल्या, आणि बोलणारा स्वतःसाठी केलेले टिपण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरू लागला. आमच्या या व्याख्यानात चौऱ्याण्णव स्लाइड्स आहेत. आम्ही मोजल्या. त्यांतील एकोणचाळीस नुसत्या अक्षरांच्या आहेत.

मोआदोनमध्ये हे चालून गेले, कारण तेथे व्याख्याते उभे होते. ते ओळ वाचता वाचता थांबत, कोणाकडे तरी पाहून हसत, "का हो काका, बरोबर ना?" असे विचारीत. व्हिडिओत ते नाहीत, त्यांचा नुसता आवाज आहे. तो आवाजही रात्री एकट्याने खोलीत बसून भरलेला. समोर माणूस नसले की बोलण्याचे वाचन होते. पडद्यावर जी ओळ दिसते तीच ओळ कानावर पडते. ऐकणारा त्यांच्या आधी वाचून मोकळा होतो आणि मग वाट पाहत बसतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी कॅलिफोर्नियात या विषयावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आहेत. चित्र आणि बोलणे एवढेच दिले तर शिकणाऱ्याच्या ध्यानात जास्त राहते. तेच बोलणे अक्षरांतही समोर लिहिले तर उलट कमी राहते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घाण्याचा भाग का जमला आणि बाकीचे का जमले नाही, याचे उत्तर यातच आहे.

दुसरा दोष बोटाचा. "हे पाहा, इथे जे उभे आहेत," असे व्याख्याते अकरा वेळा म्हणतात. मोआदोनमध्ये त्यांच्या हातात लाल दिव्याची कांडी होती. घरी आवाज भरताना त्यांनी सवयीने आपल्या संगणकाच्या काचेवर बोट ठेवले असणार. ते बोट त्यांच्या घरी, आम्ही आमच्या घरी. फोटोत बावीस माणसे, आणि 'इथे' कुठे ते समजत नाही. तसेच "हे कोण ते तुम्हां सर्वांना माहीत आहेच" हे वाक्य. मोआदोनमधल्या ऐंशी जणांना माहीत होते. टोरंटोत जन्मलेल्या मुलाला कसे माहीत असणार? जे व्याख्यान खोलीबाहेर जाणार, त्यात खोलीच्या आधाराने काहीही बोलू नये. नाव घ्यावे, गाव सांगावे, 'मागच्या रांगेत उजवीकडून तिसरे' असे म्हणावे. आमच्याकडे पाळी बदलताना एका नर्सने दुसरीला "त्या पेशंटला ते औषध दिले आहे" असे सांगितले असते तर सिस्टरबाईंनी तिला दाराबाहेर उभे केले असते.

तिसरा दोष आकाराचा. मोआदोनचा पडदा भिंतभर होता. आता तीच स्लाइड तळहाताएवढ्या काचेवर पाहायची आहे. एका स्लाइडवर आपली आडनावे आणि गावे यांचा सुंदर तक्ता आहे. दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर, अशी तीस-बत्तीस नावे. मोआदोनमध्ये लोक उठून पडद्याजवळ गेले आणि आपापले गाव शोधू लागले. फोनवर ती स्लाइड म्हणजे मुंग्यांची रांग दिसते, आणि मोजून चाळीस सेकंदांत निघून जाते. तो तक्ता चार ठिकाणी तोडून प्रत्येक वेळी आठ नावे आणि सोबत किनाऱ्याचा नकाशा दिला असता, तर आमच्या नातवाने आपले आडनाव तरी शोधले असते.

चौथा दोष लांबीचा. संगणकावरून शिकवणाऱ्या एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओंचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी ६९ लाख वेळा ते व्हिडिओ पाहावयास बसले, त्या नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष असा होता की, व्हिडिओ कितीही लांब असो, लक्ष साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. आता ते विद्यार्थी होते. आपल्या मावश्या-काका एक तास सतरा मिनिटे सहज ऐकतील, दोनदा ऐकतील. परंतु हे काम त्यांच्यासाठी आहे की नातवंडांसाठी, हे एकदा ठरवावयास हवे. एका लांब व्हिडिओऐवजी दहा-दहा मिनिटांचे सात-आठ भाग केले असते, तर ज्याला घाणा पाहायचा त्याने घाणा पाहिला असता आणि ज्याला मलिदा पाहायचा त्याने मलिदा.

पाचवी गोष्ट भाषेची, आणि ती जरा नाजूक आहे. व्याख्यान मराठीत आहे याचा आम्हांला अभिमान वाटला. परंतु आमच्या तीन मुलांपैकी एकालाच ते पुरते समजते, आणि नातवंडांपैकी कोणालाही नाही. यूट्यूबवर यंत्राकडून आपोआप उमटणारी अक्षरे आम्ही लावून पाहिली. त्यात आपल्या गावांची आणि आडनावांची जी दशा होते ती पाहून हसावे की रडावे ते कळेना. काहीजण म्हणतात की, मग सरळ हिब्रूतच बोलावे. आम्हांला ते पटत नाही. १८४६ साली मुंबईत आपल्या लोकांसाठी हग्गादा छापली गेली तेव्हा हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर दिले होते. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादेतही तसेच. हिब्रू न कळणाऱ्यांसाठी पूर्वजांनी हिब्रू काढून टाकली नाही, तिच्याजवळ मराठी ठेवली. आज मराठी न कळणाऱ्यांसाठी आपण मराठी काढून टाकू नये, तिच्याखाली हिब्रू ओळी द्याव्यात. त्या ओळी यंत्राने नव्हे, माणसाने लिहिलेल्या असाव्यात. हे काम आजी आणि नातीने जोडीने करण्याजोगे आहे. आजी अर्थ सांगेल, नात टाइप करील. त्या निमित्ताने दोघी एका टेबलाशी बसतील, हा फायदा वेगळाच.

येथवरचे दोष सहज सुधारता येण्यासारखे आहेत. पुढचे दोन अधिक गंभीर आहेत.

स्लाइड क्रमांक ७१ वर एक ओळ आहे : '१९६४ – रब्बीनेटचा प्रश्न सुटला.' एवढेच. व्याख्याते ती ओळ वाचतात आणि पुढे जातात. मोआदोनमध्ये ते असे पुढे गेले नव्हते. त्या ओळीवर एक गृहस्थ उठले आणि जवळजवळ दहा मिनिटे बोलले. १९६२ साली लग्न नोंदणाऱ्यांना सूचना गेली की बेने इस्राएल वधूवरांच्या आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्या तपासाव्यात. लग्न ठरलेल्या मुलींच्या आईबापांना आपण कोण हे सिद्ध करून दाखवावे लागले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले, मुलांबाळांसकट. ऑगस्टमध्ये क्नेसेतमध्ये चर्चा झाली, सरकारने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असे सांगितले, आणि त्यानंतर रब्बीनेटने त्या सूचनेतून आपल्या समाजाचे नाव काढले. सूचना मात्र सर्वसाधारण शब्दांत राहिली. हे सारे ते गृहस्थ सांगत होते तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, कारण त्या धरण्यात ते आपल्या वडिलांच्या मांडीवर बसले होते. व्हिडिओत ते गृहस्थ नाहीत. 'प्रश्न सुटला' एवढेच आहे. १९५१-५२ साली कंटाळून काही कुटुंबांनी भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले, काहीजण परत गेले आणि पुढे त्यांतील पुष्कळ पुन्हा येथे आले, याची तर ओळही नाही.

ओळ खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु स्लाइडवरच्या तुटक ओळीचा स्वभावच असा की, ती कोणी, का आणि कसे हे गिळून टाकते. २००३ साली कोलंबिया हे अंतराळयान कोसळून सात जणांचे प्राण गेले, त्यांत आपल्या देशाचे इलान रामोन होते आणि कर्नालच्या कल्पना चावला होत्या. त्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्लाइड्सवरही ठपका ठेवला. यानाच्या पंखाला झालेल्या आघाताविषयीची महत्त्वाची शंका एका स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत दडली होती, आणि वर मोठ्या अक्षरांत धीर देणारा मथळा होता. पूर्ण वाक्यांत लिहिलेल्या अहवालाची जागा स्लाइड घेऊ शकत नाही, असे त्या मंडळाने स्पष्ट म्हटले. आमचा विषय यानाइतका जिवावरचा नाही. तरी ज्या मुलाला शाळेत कोणी "तुम्ही खरे यहुदी का?" असे विचारील, त्याच्या हातात 'प्रश्न सुटला' ही एक ओळ पुरेल काय?

आता शेवटची गोष्ट. खरे म्हणजे तिच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

स्लाइड क्रमांक ५८ वर एक समूहचित्र आहे. अंगणात बायका-माणसे उभी आहेत, पुढे मुले बसली आहेत. खाली लिहिले आहे, 'अलिबाग, १९४८.' डावीकडून दुसरी जी बाई उभी आहे, डोक्यावरून पदर, हातात पितळी डबा, तिच्यापाशी बाण काढून लिहिले आहे, 'अनोळखी स्त्री.' मोआदोनमध्ये हे चित्र येताच आमच्या शेजारी बसलेल्या एक वृद्ध बाई काठीवर जोर देऊन उठल्या. नव्वदी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, हे अलिबाग कसले? हे पेणचे आमचे अंगण. आणि अठ्ठेचाळीस नव्हे, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीचे, बावन्न साल. ती अनोळखी नव्हे, ती माझी आत्या. सुईण होती. त्या डब्यात तिचे सामान असे." मग त्यांनी आत्याचे नाव सांगितले, आणि दोन्ही आळ्यांतली, सर्व जातींची मुले तिच्या हातून जगात आली असेही सांगितले. शुक्रवारी संध्याकाळी कोणी बोलावायला आले तर ती दिवा लावून मग निघत असे. जन्म काही शाब्बाथ पाहून थांबत नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. व्याख्याते म्हणाले, "मावशी, मी नक्की दुरुस्त करतो."

व्हिडिओत स्लाइड क्रमांक ५८ जशीच्या तशी आहे. 'अलिबाग, १९४८. अनोळखी स्त्री.'

व्याख्यात्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी संगणकातली जुनी फाइल उघडली आणि त्यावर आवाज भरला. सभागृहात जे बोलले गेले ते त्या फाइलमध्ये नव्हतेच. स्लाइड्सचा व्हिडिओ करताना सर्वांत आधी गळून पडते ते ऐकणाऱ्यांचे बोलणे, आणि आपल्या बाबतीत ज्ञान बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडेच जास्त असते. आपल्याकडे कीर्तने होत, अब्राहामाची, योसेफाची. लहानपणी आम्ही ती ऐकली आहेत. कीर्तनकाराच्या हातात कागद असला तरी त्याचे डोळे समोरच्या माणसांवर असत. पुढच्या रांगेतील म्हातारीने मान हलवली की तो थांबे. ते कीर्तन मोकळ्या खोलीत झाले असते तर त्याला आम्ही कीर्तन म्हटले असते काय?

आणि दोष एकट्या व्याख्यात्यांना कसा द्यावा? केसपेपरवर खोडरबर चालत नाही, हे आम्ही आयुष्यभर मुलींना शिकवले. चूक झाली तर एक रेघ मारून वर दुरुस्ती लिहावी, वेळ घालावी, सही करावी, आणि जे लिहिले नाही ते केलेच नाही असे समजावे. एवढे शिकवणाऱ्या आम्ही त्या रात्री त्या बाईंच्या शेजारी बसलो होतो, पर्समध्ये पेन होते, आणि काही लिहून घेतले नाही. तू-बि-श्वातच्या मलिद्याला भेटलो की नीट विचारू, असे मनात म्हटले. तू-बि-श्वातला त्या नव्हत्या. थंडीत त्या गेल्या. त्यांनी सांगितलेले नाव आम्ही ऐकले होते, आणि आज ते आम्हांला आठवत नाही. सुईण तेवढी आठवते, कारण तो आमच्या धंद्याचा शब्द.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? काहीच नसण्यापेक्षा हे बरे. अपुऱ्या गोष्टीविषयी आम्ही हे मान्य करू, चुकीच्या गोष्टीविषयी नाही. पूर्वी चुकीची स्लाइड मोआदोनच्या कपाटात राही. आता ती ठाण्याला, लंडनला, टोरंटोला जाते, आणि पाच वर्षांनी कोणी तरी तिच्याच आधाराने लेख लिहील. यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच पत्त्यावर बदलून टाकता येत नाही. नवा करून नव्याने चढवावा लागतो, आणि जुना ज्यांच्याकडे उतरवून घेतलेला आहे त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून तपासणी चढवण्यापूर्वी हवी.

ती कशी करावी, हे आम्ही आमच्या अनुभवातून सांगतो. मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिनचे इंजेक्शन शिकवले की आम्ही "समजले का?" असे कधी विचारीत नसू. समजले का म्हटले की प्रत्येकजण हो म्हणतो. आम्ही म्हणू, "आता तुम्ही करून दाखवा." तसेच येथे करावे. आवाज भरताना एकटे बसू नये. समोर एक आजी आणि एक नातवंड बसवावे. पंखा आणि रेडिओ बंद ठेवून साधा माइक लावावा. प्रत्येक भाग झाला की नातवंडाला विचारावे, "काय ऐकलेस ते सांग," आणि आजीला विचारावे, "काय चुकले ते सांगा." त्या दोघांची उत्तरे ऐकून मग तो भाग पुन्हा करावा. फोटो ज्या घरचा, त्या घरची परवानगी घ्यावी. फोटोखाली माहिती कोणी आणि कधी दिली ते लिहावे, आणि दुरुस्ती आली तर जुने न लपवता नवे तारखेसह लिहावे. सभागृहात व्याख्यान असेल तर ऐकणाऱ्यांचे बोलणे त्यांना विचारून फोनवर टिपून घ्यावे. ते निराळ्या फाइलमध्ये ठेवले तरी चालेल, पण ठेवावे. आणि ज्यांना कानाने ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून द्यावा.

हे परीक्षण लिहिण्यापूर्वी आम्ही व्याख्यात्यांच्या घरी जाऊन आलो, कारण पाठीमागे लिहिणे बरे नव्हे. त्यांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले, आणि स्लाइड ५८ उघडून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मावशी काहीतरी म्हणाल्या होत्या हे मला आठवते. काय म्हणाल्या ते आठवत नाही." त्याच बैठकीत त्यांनी व्हिडिओच्या खाली लिहिले : 'स्लाइड ५८ : पेण, १९५२. डावीकडून दुसरी, सुईण. नाव शोधत आहोत.' नवे भाग ते येत्या हिवाळ्यात करणार आहेत, आणि समोर बसण्यासाठी त्यांनी आम्हांला आणि आमच्या नातवाला बोलावले आहे. घाण्याचा भाग मात्र बदलू नका, असे आम्ही त्यांना बजावले आहे. बैल शाब्बाथला काय करीत असे, तेवढे त्यात घालावे.

बाईंच्या मुलांना आम्ही फोन केला. त्यांना आत्याआजी होती एवढे माहीत आहे, नाव माहीत नाही. तेव्हा वाचकांना विनंती अशी की, ज्यांचे आईवडील अगर आजीआजोबा १९५२ च्या सुमारास पेणला होते, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावे. सुईणबाई, डोक्यावरून पदर, हातात पितळी डबा. तुमच्यापैकी कोणाचा तरी जन्म तिच्या हातून झालेला असेल. नाव आठवले तर या अंकाच्या संपादकांकडे लिहून पाठवावे. फोन केलात तरी चालेल, पण आधी ते कागदावर लिहून ठेवा.